पहिला प्रश्न कोणता? लैंगिक अत्याचार आणि मानसशास्त्रीय संशोधन

एखाद्या मुलीवर अत्याचार झाल्याची वार्ता गावात पसरली की काही प्रश्न हमखास विचारले जातात. तिने आरडाओरड का केली नाही? इतके दिवस ती गप्प का राहिली? तेथे एकटी गेलीच कशाला? अंगावर साधा ओरखडाही कसा नाही? हे प्रश्न पारावर विचारले जातात, शाळेच्या कार्यालयात विचारले जातात आणि पोलीस ठाण्यातही विचारले जातात. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील गावे त्यास अपवाद आहेत असे कोणी म्हणणार नाही.

वरवर पाहता हे साधे प्रश्न वाटतात. परंतु त्या प्रत्येकामागे एक गृहीत दडलेले असते. भयभीत मनुष्य कसा वागतो, खरे बोलणारी स्त्री कशी दिसते आणि गुन्हेगार कोण असतो, याविषयीच्या आपल्या ठाम समजुती त्यांतून प्रकट होतात. गेल्या सुमारे पन्नास वर्षांत देशोदेशीच्या विद्यापीठांतील मानसशास्त्रज्ञांनी नेमक्या याच समजुती तपासून पाहिल्या आणि त्यांतील बहुतेक चुकीच्या ठरल्या. हे निष्कर्ष केवळ अभ्यासकांच्या उपयोगाचे नाहीत. पीडित व्यक्ती न्यायालयात पोहोचण्यापूर्वी शिक्षिका, पोलीस पाटील, ग्रामपंचायत सदस्य, परिचारिका किंवा ठाण्यातील अंमलदार यांच्यापाशी पोहोचते. तेथे विचारलेल्या पहिल्या प्रश्नावरच पुष्कळदा प्रकरणाचे भवितव्य ठरते.

वऱ्हाडातील एक जुना प्रश्न

या विचाराची परंपरा वऱ्हाडाला परकी नाही. अकोल्याला लागूनच असलेल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. सुरत येथील एका विधवेवरील खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर जे दोषारोप होत होते, त्यांना ते उत्तर होते. जे दुर्गुण स्त्रियांचे म्हणून सांगितले जातात तेच पुरुषांतही आढळतात. मग दोषाची सारी शिदोरी स्त्रीच्याच माथी का, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

आजच्या शास्त्रीय परिभाषेत ताराबाईंचा प्रश्न ‘लिंगभावा’चा होता. लिंग ही शरीराची बाब आहे. लिंगभाव हा समाजाने शिकविलेला पाठ आहे. मुलीने मान खाली घालून चालावे, मुलाने रडू नये, घराण्याची अब्रू मुलीच्या वागणुकीत असते, या गोष्टी जन्मजात नसतात. त्या घरात, शाळेत आणि चावडीवर शिकविल्या जातात. जे शिकविले जाते ते मोजता येते आणि बदलताही येते, हे मानसशास्त्राचे या विषयातील मूलभूत सूत्र होय.

देसाईगंज : एका गृहीताची किंमत

चुकीच्या गृहीताची किंमत किती मोठी असू शकते, हे विदर्भाने स्वतः अनुभवले आहे. मार्च १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील आणि आता गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या देसाईगंज येथे एका आदिवासी मजूर मुलीने पोलीस ठाण्यातच आपल्यावर अत्याचार झाल्याची तक्रार केली. तिचे वय चौदा ते सोळा वर्षांच्या दरम्यान होते. हे प्रकरण इतिहासात तिच्या नावाने ओळखले जाते. परंतु पीडितेचे नाव प्रकट करू नये हा धडा याच प्रकरणानंतर कायद्यात आला असल्याने ते येथे देण्याचे कारण नाही.

सत्र न्यायालयाने १९७४ साली आरोपी पोलिसांना निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली त्यांना दोषी धरले. भयापोटी निमूटपणे शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, असा भेद त्या निकालात करण्यात आला होता. सर्वोच्च न्यायालयाने मात्र सप्टेंबर १९७८ मध्ये हा निकाल फिरविला. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि तिने आरडाओरड केली नव्हती, या बाबींना त्या निर्णयात मोठे महत्त्व मिळाले.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहून शरणागती आणि संमती यांतील फरक पुन्हा ठामपणे मांडला. त्यानंतर देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ती नव्हती असेच गृहीत धरावे, ही तरतूद तेव्हा आली. मुलीने ओरडायला हवे होते, या एका समजुतीचा फेरविचार होण्यासाठी एका मुलीला न्याय गमवावा लागला.

शरीर गोठते तेव्हा

ती ओरडली का नाही, या प्रश्नाला आता शास्त्रीय उत्तर उपलब्ध आहे. संकट कोसळले की प्राणी एकतर लढतो किंवा पळतो, असे आपण समजतो. परंतु तिसरीही एक प्रतिक्रिया असते : शरीर गोठते. स्नायू ताठरतात, आवाज फुटत नाही, हातपाय हलविता येत नाहीत. ही ठरवून केलेली कृती नसते. ती शरीराची अनैच्छिक प्रतिक्रिया असते. मांजराच्या तोंडात सापडलेले पाखरू निपचित पडते, तशीच ही अवस्था होय.

स्वीडनमधील संशोधकांनी २०१७ साली याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्टॉकहोम येथील बलात्कारपीडितांसाठीच्या तातडीच्या उपचार केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांपैकी ७० टक्के स्त्रियांनी अत्याचाराच्या वेळी लक्षणीय प्रमाणात असे गोठणे अनुभवले होते. ज्या अशा गोठल्या होत्या त्यांच्यात पुढील काळात आघातोत्तर मानसिक विकार आणि नैराश्य अधिक आढळले. म्हणजे जिच्या न ओरडण्याकडे बोट दाखविले जाते, तिलाच बहुधा अधिक खोल आघात झालेला असतो.

यापूर्वी १९७४ मध्ये अमेरिकेतील ॲन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम या संशोधिकांनी बॉस्टनच्या रुग्णालयात आलेल्या पीडित स्त्रियांच्या मुलाखतींतून आणखी एक निरीक्षण मांडले होते. काही स्त्रिया रडतात, थरथरतात. परंतु तितक्याच स्त्रिया बाहेरून शांत, जणू काही घडलेच नाही अशा दिसतात. तेव्हा रडली नाही म्हणून खोटे बोलते, हा निष्कर्ष निराधार ठरतो. तीव्र भयाच्या प्रसंगी स्मृतीही अखंड राहत नाही. एखादा वास, एखादा आवाज लख्ख आठवतो, पण घटनांचा क्रम मागेपुढे होतो. दुसऱ्या दिवशीचा जबाब पहिल्याशी शब्दशः जुळला नाही, एवढ्यावरून तो बनावट ठरत नाही.

भारतीय कायद्याने ही बाब स्वीकारली आहे. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून स्त्रीची संमती होती असे मानता येणार नाही, असे २०१३ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये ती तरतूद कायम आहे. तक्रारीस झालेल्या विलंबाचा अर्थही समजून घ्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पंजाब राज्य विरुद्ध गुरमीत सिंग या खटल्यात सांगितले. कुटुंबाच्या अब्रूच्या विचारात दिवस निघून जातात, हे न्यायालयाने जाणले होते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मानसशास्त्र कोणालाही दोषी ठरवीत नाही. ते काम पुराव्याच्या आधारे न्यायालयाचे आहे. गोठली होती म्हणून आरोप सिद्ध होत नाही; परंतु प्रतिकार केला नाही म्हणून आरोप खोटाही ठरत नाही, एवढेच हे शास्त्र सांगते.

दोष पीडितेकडे का जातो?

सुजाण आणि मायाळू माणसेही पीडितेलाच दोष का देतात, याचाही अभ्यास झाला आहे. मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये एका सहकाऱ्यासह केलेल्या प्रयोगात एका स्त्रीला विजेचे धक्के बसत असल्याचे दृश्य प्रेक्षकांना दाखविले. धक्के अर्थातच खोटे होते. ज्यांना तिचे दुःख थांबविता आले नाही, त्यांनी हळूहळू तिच्याविषयीच वाईट मत बनविले. जग न्यायी आहे, ज्याचे त्याला मिळते, अशी आपली श्रद्धा असते. निरपराध व्यक्तीवर संकट आलेले पाहणे या श्रद्धेला असह्य होते. मग मन तिचाच काही अपराध शोधून काढते. ‘करावे तसे भरावे’ ही म्हण अशा वेळी उपदेश न राहता दुसऱ्यावर अन्याय करण्याचे साधन बनते.

मार्था बर्ट यांनी १९८० साली मिनेसोटा राज्यातील ५९८ प्रौढांची पाहणी करून बलात्काराविषयीच्या गैरसमजुती मोजण्याची एक श्रेणी तयार केली. चांगल्या घरच्या मुलीवर असा प्रसंग येत नाही, मनात आणले तर स्त्री प्रतिकार करू शकते, अशी ती विधाने होती. स्त्री-पुरुषांच्या भूमिकांविषयी ज्यांची मते साचेबंद होती आणि आपसांतील संबंधांत बळजबरी चालते असे ज्यांना वाटे, त्यांनीच या गैरसमजुती अधिक स्वीकारल्याचे दिसले.

गुन्हेगार अनोळखी असतो, ही अशीच एक समजूत. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या २०२१ च्या आकडेवारीनुसार बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा होता. ‘एकटी का गेली’ हा प्रश्न म्हणूनच निरर्थक ठरतो. धोका बहुधा परिचयाच्या घरातच असतो.

मौनाचे मोजमाप

जे सांगितलेच जात नाही ते मोजायचे कसे, ही संशोधकांपुढील मोठी अडचण. मेरी कॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली अमेरिकेतील ३२ शिक्षणसंस्थांतील ६,१५९ विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. ‘तुमच्यावर बलात्कार झाला का’ असे त्यांनी विचारले नाही. ‘इच्छा नसताना बळाचा किंवा धाकाचा वापर करून अमुक कृती केली गेली का’ असे साध्या शब्दांत विचारले. कायद्याच्या व्याख्येत बसणारा अनुभव आलेल्या अनेक तरुणींनी त्या अनुभवाला बलात्कार हे नावच दिलेले नव्हते. प्रश्नाचा शब्द बदलला आणि दडलेले सत्य पुढे आले.

आपल्या विदर्भातही याच्याशी जुळणारा अनुभव आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. मात्र पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. हा अभ्यास अत्याचाराविषयीचा नव्हता. परंतु लाजेमुळे किती दुःख मुक्याने सोसले जाते, हे त्याने दाखविले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीतही, शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाची मदत मागितल्याचे आढळले.

मुलांच्या बाबतीत हे मौन अधिक गडद असते. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ५३ टक्के बालकांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ झाल्याचे सांगितले आणि अशी माहिती देणाऱ्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. मुलग्यांना धोका नसतो, हाही एक गैरसमजच होय.

मुलांजवळ शरीराविषयी बोलायला शब्द नसतात, हे मौनाचे एक कारण आहे. लैंगिकतेविषयी शास्त्रीय बोलणे म्हणजे अश्लीलता नव्हे, ही भूमिका महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून चिकाटीने मांडली. १९३४ मधील खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लढविली होती. ज्या मुलाला योग्य शब्द शिकविलेले असतात, तो वेळीच सांगू शकतो.

सेवाग्रामचे कार्य

वैद्यकीय तपासणीतील एक अशास्त्रीय प्रथा मोडण्यास विदर्भातूनच चालना मिळाली. अत्याचारित स्त्रीची ‘दोन बोटांची चाचणी’ करून तिला शरीरसंबंधाची सवय आहे की नाही याचा शेरा अहवालात लिहिला जाई. सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अशा तपासण्यांतील दोषांचा अभ्यास केला आणि २०१० साली हा विषय नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिकेच्या रूपाने गेला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ही चाचणी वर्ज्य ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये, अशी चाचणी करणारी व्यक्ती गैरवर्तनाबद्दल दोषी धरली जाईल, असे बजावले. अमरावतीचे डफरीन असो वा अकोल्याचे जिल्हा स्त्री रुग्णालय, तपासणीस आलेल्या स्त्रीच्या पूर्वायुष्याविषयी शेरा मारण्यास तेथे आता वाव नाही.

वृत्ती बदलता येते

समजुती शिकलेल्या असतात, म्हणून त्या बदलता येतात. मुंबई महानगरपालिकेच्या ४५ शाळांत २००८ पासून राबविलेल्या एका प्रकल्पात टाटा समाजविज्ञान संस्थेसह काही संस्थांनी बारा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींबरोबर घरकामाची वाटणी, मारहाण, छेडछाड, शरीरातील बदल अशा विषयांवर खेळ आणि चर्चा घेतल्या. अशा तासिकांना बसलेल्या विद्यार्थ्यांत समतेला अनुकूल मते वाढल्याचे पाहणीत दिसून आले. याच संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला होता. पोलिसांच्या आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसविण्याची ही कल्पना पुढे राज्याच्या इतर जिल्ह्यांतही पोहोचली. विद्यापीठातील ज्ञान ठाण्याच्या दारापर्यंत नेण्याचे हे उत्तम उदाहरण होय.

संशोधक गावात येतात तेव्हा

अमरावती विद्यापीठाची स्थापना १९८३ साली झाली. आज संत गाडगेबाबांच्या नावाने चालणाऱ्या या विद्यापीठाचे क्षेत्र अकोल्यासह संपूर्ण वऱ्हाडभर पसरलेले आहे. अशा विद्यापीठांतून, महाविद्यालयांतून सामाजिक विषयांवरील पाहणीसाठी विद्यार्थी व अध्यापक गावात येतात तेव्हा सरपंचांनी खुर्च्या मांडून स्त्रियांना ग्रामपंचायतीत बोलावणे ही सद्भावना असली, तरी ती संशोधनाला मारक ठरते. चार माणसांसमोर खरे उत्तर मिळत नाही. मिळाले तर ते देणारीवरच संकट ओढवते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली अशा पाहणीसाठी नियम सुचविले. मुलाखत एकांतात व्हावी, माहिती गुप्त राहावी, कोणत्याही क्षणी नकार देण्याची मुभा असावी, आणि मदतीची गरज दिसल्यास योग्य ठिकाणी पोहोचविण्याची व्यवस्था आधीच केलेली असावी, हे त्यांतील प्रमुख होत. पंचायतीने याबाबत संशोधकांना अवश्य विचारावे. पण ‘कोण काय बोलले’ हे मात्र कधीही विचारू नये.

प्रत्येकाचे कर्तव्य

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा ‘पोक्सो’ अधिनियम २०१२ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ नुसार अपराधाची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. शाळेची बदनामी होईल म्हणून प्रकरण मिटविणारा मुख्याध्यापक स्वतःच शिक्षेस पात्र ठरतो. मेळघाटातील आश्रमशाळा, तालुक्याच्या गावची वसतिगृहे आणि एस.टी.ने रोज ये-जा करणाऱ्या मुलींच्या शाळा यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, गणवेश न घातलेल्या अधिकाऱ्याने घ्यावा, रात्री त्याला ठाण्यात ठेवू नये, असे कलम २४ सांगते. मानसशास्त्राच्या जाणकारांचे साहाय्य घेण्याची तरतूदही या कायद्यात आहे.

कपाशीच्या वावरात वेचणी करणाऱ्या किंवा जिनिंग कारखान्यात काम करणाऱ्या मजूर स्त्रीलाही २०१३ च्या कायद्याचे संरक्षण आहे. जेथे कामगारांची संख्या दहाहून कमी असल्याने अंतर्गत समिती नाही, तेथील तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. पीडित स्त्रिया व बालकांसाठी राज्य शासनाची ‘मनोधैर्य’ योजना २ ऑक्टोबर २०१३ पासून आहे; तिच्यातून अर्थसाहाय्याबरोबरच समुपदेशनाचीही सोय होते आणि त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे लागते. महिलांसाठी १८१ आणि बालकांसाठी १०९८ हे दूरध्वनी क्रमांक शाळेच्या व पंचायतीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेले असावेत.

या साऱ्या तरतुदी पहिल्या भेटीनंतर उपयोगी पडतात. ती पहिली भेट मात्र कोणत्याही कलमात बसत नाही. पीडितेने प्रथम ज्याला सांगितले त्याने अविश्वास किंवा दोषारोप केला, तर तिची मानसिक हानी वाढते, असे अमेरिकेतील सारा उलमन आणि इतर संशोधकांचे अभ्यास दाखवितात. त्या वेळी करावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. तिला बसू द्यावे. तिचे तिच्या शब्दांत, मध्ये न तोडता ऐकावे. पुन्हा पुन्हा सांगावयास लावू नये. झाले त्यात तुझा दोष नाही, असे स्पष्ट सांगावे. आणि पुढे कोठे जावयाचे ते सांगून, जमल्यास सोबत जावे.

‘का ओरडली नाहीस’ याऐवजी ‘आता तुला कोणाची भीती वाटते’ हा पहिला प्रश्न असावा. ताराबाईंनी वऱ्हाडातून विचारलेल्या सवालाला शंभराहून अधिक वर्षे लोटली. त्याचे उत्तर आता शास्त्राने दिले आहे आणि कायद्यानेही मान्य केले आहे. ते गावाच्या चावडीपर्यंत आणि शाळेच्या वर्गापर्यंत पोहोचविणे, हे काम तेवढे उरले आहे.